तांत्रिक खंड

यशोधन भिसेचा मेंदू पाऊणभर कारखान्यात तयार झालेला होता, तरी त्याला उपीट आवडत नसे. आधी तो शेंगदाणे वेचून खायचा आणि मग उरलेल्याकडे अवघड प्रश्नपत्रिकेकडे बघावे तसा बघत बसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळपासून हे असेच चालत आले होते. त्याच्या बायकोला, शाल्मलीला, पूर्वी याचा राग यायचा. आता उलट बरे वाटायचे. डोक्यातल्या चार पेशींपैकी तीन बदलून गेल्या तरी खोड गेली नाही, याहून दुसरा पुरावा तिला नको होता.

सरकारला मात्र हवा होता. तो दरवर्षी मे महिन्यात टपालाने येई आणि त्याला सातत्य दाखला म्हणत. यंदा दाखल्याऐवजी पत्र आले.

पत्रात काय होते ते कळायला थोडे मागे जायला हवे. अकरा वर्षांपूर्वी एका तापाचे निमित्त झाले आणि यशोधनच्या मेंदूतल्या पेशी झिजू लागल्या. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता, जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत होता. एके दिवशी वर्गात तो राम शब्दाची तृतीया विसरला आणि घरी येऊन रडला. शहराबाहेरच्या मेंदू-पुनर्रचना केंद्राने त्याला हाती घेतले. केंद्राकडे प्रतिपेशी होत्या. प्रतिपेशी म्हणजे खऱ्या पेशीची जागा घेणारा, डोळ्याला न दिसणारा बनावट कण. तो मरू घातलेल्या पेशीशेजारी नेऊन ठेवायचा. काही आठवडे तो नुसता ऐकतो: ही पेशी कुणाशी काय बोलते, कधी गप्प बसते. सगळे पाठ झाले की पेशी मरते त्या क्षणी तो तिच्या जागी बोलू लागतो, आणि आजूबाजूच्या पेशींना शेजार बदलल्याचा पत्ताही लागत नाही. असे कोट्यवधी कण एकेक करत बसवले जातात, आणि माणूस मधल्या काळात जेवतो, भांडतो, वह्या तपासतो.

पण सगळा मेंदू बदलून झाल्यावर उरतो तो माणूस तोच का? यावर विद्वानांनी चार वर्षे वाद घातला आणि अखेर जो कायदा झाला तो एका शब्दावर उभा राहिला. सातत्य. मेंदूतली हालचाल एक क्षणही थांबलेली नाही तोवर माणूस तोच. झोपेत, गुंगीत, बेशुद्धीतही मेंदू आपला चालूच असतो, त्याने काही बिघडत नाही. मात्र निम्म्याहून जास्त प्रतिपेशी असलेल्या मेंदूची हालचाल साफ थांबली आणि पुन्हा सुरू झाली, तर आधीचा माणूस त्या क्षणी वारला असे धरायचे. उठतो तो त्याच्यासारखा दुसरा.

केंद्रातल्या डॉक्टर कावेरी हसबनीस ही गोष्ट नातेवाइकांना विरजणावरून समजावून सांगत. रोज कालच्या दह्यातले चमचाभर दुधात घालायचे. आजेसासूने लावलेले दही आज घरात असते, तिच्या वेळचा थेंबही त्यात नसला तरी. पण एक दिवस विरजण ठेवायचे राहिले की शेजारून आणावे लागते. दही लागते, चवही तीच असते, पण ते आता शेजारणीचे. शाल्मलीला हे पहिल्याच दिवशी पटले होते.

थांबले की नाही हे कळावे म्हणून प्रत्येक रुग्णाच्या कानामागे एक चकती बसवलेली असे. ती मेंदूच्या हालचालीची रेघ अखंड काढत राही. या रेघेला सातत्यपट म्हणत. कायद्यात आणखी एक कलम होते. सातत्यपट बारा वर्षे अखंड राहिला की प्रतिपेशी रुग्णाच्या स्वतःच्या होतात. तोवर त्या केंद्राच्या. तोवर रुग्णाने दुसऱ्या केंद्रात जायचे नाही आणि केंद्राच्या प्रयोगांना नाही म्हणायचे नाही. यशोधनची बारा वर्षे भरायला आठ महिने उरले होते.

केंद्राचे पत्र तीन ओळींचे होते. सातत्यपटात तीस एप्रिलच्या पहाटे १.४ सेकंदांचा खंड आढळला आहे. सोबतचा खंड क्षमापन अर्ज भरून गुरुवारपर्यंत द्यावा. तसे न झाल्यास मासिक जुळणी करता येणार नाही.

जुळणी म्हणजे सगळ्या प्रतिपेशींना महिन्यातून एकदा एका तालात आणणे. ती चुकली की पाच-सहा दिवसांत ताल सुटतो आणि रेघ आपोआप थांबते. म्हणजे सही केली नाही तर यशोधन पुढच्या आठवड्यात मरणार होता. पत्रात हे लिहिले नव्हते, पण शाल्मलीला असली पत्रे वाचता येत होती. ती जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, आस्थापना शाखेत वरिष्ठ लिपिक होती. अठरा वर्षे तिने शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि सेवापुस्तके सांभाळली होती.

कोणताही अर्ज ती खालून वर वाचायची, कारण खरी गोम शेवटच्या ओळीत असते. इथे शेवटची ओळ अशी होती: बारा वर्षांची गणना नव्याने सुरू करण्यास माझी हरकत नाही. म्हणजे सही केली की खंड माफ, माणूस तोच, पण झालेली अकरा वर्षे पाण्यात.

"सही करून टाक," यशोधन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "यंत्राची चूक असेल."

"असेल," शाल्मली म्हणाली. "पण आधी कागद बघते."

सोमवारी रजा टाकून ती केंद्रात गेली आणि खिडकीवर सातत्यपटाच्या संपूर्ण नोंदीची साक्षांकित प्रत मागितली. नियमात तशी तरतूद होती. आजवर कुणी ती वापरली नव्हती, त्यामुळे तिला अडवायचे कसे हेही कुणाला माहीत नव्हते. अर्ध्या तासात तिच्या हातात शिक्का मारलेला कागद आला.

त्यावर एक खंड नव्हता. नऊ होते.

ती बाकावर बसली आणि सवयीप्रमाणे खालून तारखा वाचू लागली. तीस एप्रिल. त्याआधी गेल्या वर्षीचा एकतीस मे. त्याआधी तीस जून. मग एकतीस जुलै, एकतीस ऑगस्ट, तीस सप्टेंबर. दर खंड आधीच्यापासून अकरा महिन्यांवर, दर वेळी महिनाअखेर, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. निम्मा मेंदू बदलून झाला त्या वर्षीच्या डिसेंबरात पहिला. दुसऱ्या कुणाला ही नुसती यादी वाटली असती. शाल्मलीच्या मात्र हे अक्षर ओळखीचे होते. असल्या याद्या ती स्वतः बनवायची.

कंत्राटी शिक्षकाला सलग नेमले तर तो उद्या कायम होण्याचा हक्क सांगतो. म्हणून त्याला अकरा महिन्यांचा आदेश द्यायचा, एक दिवस घरी बसवायचे आणि परवा पुन्हा नेमायचे. त्या एका दिवसाला तांत्रिक खंड म्हणतात. माणूस तोच, शाळा तीच, फळ्यावरचा धडाही कालचाच. पण कागदावर आधीचा शिक्षक संपला आणि दुसरा रुजू झाला. शाल्मलीने असे खंड शेकड्यांनी टंकले होते. एखादी शिक्षिका टेबलासमोर डोळ्यांत पाणी आणून उभी राहिली तर ती म्हणायची, "अहो, एकच दिवस आहे, झोप काढा." आज ते शब्द आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर हसबनीस पन्नाशीच्या होत्या, मऊ बोलणाऱ्या. यशोधनला पहिली प्रतिपेशी त्यांनीच बसवली होती. शाल्मलीने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"ही यंत्राची चूक नाही, डॉक्टर."

हसबनीसांनी कागद पाहिला आणि दार लावून घेतले. "ही प्रत तुम्हाला कुणी दिली, भिसेताई?"

"तुमच्या खिडकीवर मिळाली. अकरा महिन्यांनी माणूस बंद करायचं कुणी ठरवलं?"

"बंद नाही. पुनर्मेळ म्हणतो आम्ही त्याला. सगळ्या प्रतिपेशी एकदम थांबवून एकदम सुरू करायच्या. सुरुवातीच्या काळात त्याची गरज असायची, ताल बिघडायचा."

"आणि आता?"

"आता नाही. व्यवस्थापन सांगतं म्हणून करतो. बारा वर्षं भरली की माणसं निघून जातील, ताई. पुढचं सगळं संशोधन या पन्नास-साठ रुग्णांवर उभं आहे. खंड नोंदवून ठेवायचा, बोलायचं नाही. बारा वर्षं जवळ आली की एक बाहेर काढायचा."

"खंड नसल्याचे दाखले दिलेत दरवर्षी."

"दाखल्यात दोन मिनिटांखालचं काही उमटत नाही. तशी सोय करून घेतली आहे."

शाल्मलीने वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवले. बाकीचे आठ खंड सेकंद-दीड सेकंदाचे होते. सप्टेंबरातला हा एकाहत्तर सेकंदांचा.

"त्या दिवशी तो लवकर सुरू झाला नाही," हसबनीस खाली बघत म्हणाल्या. "आम्ही फार घाबरलो होतो."

"त्या एकाहत्तर सेकंदांत तो कुठं होता?"

"कुठंच नाही. म्हणजे खरोखरच कुठंच नाही."

"आणि नंतर उठला तो?"

"त्याला सगळं आठवतं. तुमचं लग्न, त्याची शाळा, सगळं."

"मी ते विचारलं नाही."

"तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," हसबनीस म्हणाल्या. "मोजता येईल तेवढं मी सांगितलं. तुम्ही सही करा. गुरुवारी जुळणी करून देते. माझ्या हातात एवढंच आहे."

घरी आली तेव्हा यशोधन उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे घरीच होता आणि रेणू त्याच्या मांडीवर बसून त्याच्या चष्म्याला रंगीत दोरा गुंडाळत होती. रेणू त्यांची मुलगी, सहा वर्षांची. शाल्मलीने तिला खेळायला पाठवले आणि नवऱ्याला सगळे सांगितले. लपवून ठेवणे तिला जमले नसते.

त्याने दोरा गुंडाळलेला चष्मा काढून हातात घेतला. मग मास्तरकी करू लागला. घाबरला की तो तसे करायचा. "सातत्य हा शब्द सतत वरून आलाय. सतत म्हणजे सम् अधिक तत. तन् धातू, ताणणे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखं ताणलेलं ते सतत. तंतू त्यातलाच. तान त्यातलीच." तो थांबला. "संततीही त्यातलीच. शाल्मली, पहिला खंड कधीचा?"

तिने हिशेब बसमध्येच केला होता. पहिला खंड रेणूच्या जन्माआधी सव्वा वर्ष.

"म्हणजे खंड खरा ठरला," तो म्हणाला, "तर रेणू पोटात राहिली तेव्हा तू विधवा होतीस. आणि तिचा बाप कोण, तर कायद्याने ज्याला नावच नाही असा कुणीतरी."

"तसं कुणी म्हणणार नाही."

"तू म्हणशील. तक्रार करायची तर तुलाच सिद्ध करावं लागेल, की केंद्रानं मला नऊ वेळा बंद केलं. ते सिद्ध झालं की मी नऊ वेळा मेलो. आणि सही केलीस तर ते पुढच्या एकतीस मार्चला पुन्हा बंद करतील." त्याने हात पुढे धरून पाहिले. "गंमत म्हणजे मला काहीच आठवत नाही. झोपलो आणि उठलो. मी तो आहे की नाही हे मी कुणाला विचारू?"

शाल्मलीने त्याचा हात धरला. तो हात मात्र निश्चित तोच होता, त्यातली एकही पेशी कुणी बदललेली नव्हती. ती रडली. पुष्कळ वर्षांनी ती त्याच्यासमोर अशी रडली, आणि रडताना तिला सारखे वाटत होते की नेमके कुणासाठी रडावे हेही आपल्याला सांगता येणार नाही. नऊ वेळा नवरा गेला असेल आणि नऊही वेळा तिने सकाळी त्याच्यापुढे चहा ठेवला होता.

मंगळवारी ती कामावर गेली, कारण घरात बसवेना. कपाट उघडताना प्रमिला सरवदे यांची फाइल तिच्या हाताला लागली आणि ती तशीच उभी राहिली.

प्रमिला सरवदे या कंत्राटी शिक्षिका होत्या. सात तांत्रिक खंड सोसल्यावर त्या न्यायाधिकरणात गेल्या. कार्यालयाच्या वतीने उत्तर शाल्मलीनेच तयार केले होते, मोठ्या हुशारीने, आणि कार्यालय हरले होते. निकालातले वाक्य तेव्हा तिला झोंबले होते. आता तिने ते दोनदा वाचले. हक्क डावलण्यासाठी मुद्दाम दिलेला खंड हा कृत्रिम खंड होय. तो झालाच नाही असे समजण्यात यावे.

झालाच नाही असे समजावे. खंड खोटा होता असे म्हणायची गरज नाही, आणि खंडाने माणूस मेला असेही नाही. खंड झाला, मुद्दाम केला, आणि म्हणून तो मोजायचा नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा शाल्मलीला आपल्या नोकरीचा अभिमान वाटला.

बुधवारी सकाळी ती सातत्याचे वाद ऐकणाऱ्या सातत्य प्राधिकरणापुढे उभी होती. वकील केला नाही. मसुदा स्वतःच लिहिला. प्राधिकरणाने तातडीने आदेश देऊन यशोधनची जुळणी अर्ज न घेता करायला लावली आणि सुनावणी पंधरा दिवसांनी ठेवली. त्या दिवशी केंद्राचा वकील बराच बोलला. शिक्षकाची नेमणूक वेगळी आणि माणसाचा जीव वेगळा, असे त्याचे म्हणणे होते. खरे तर ते बरोबर होते. पण त्याच्या अशिलाने खंड चोरून दिले होते आणि हसबनीस डॉक्टरांनी शपथेवर तसे कबूल केले, त्यामुळे त्याचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते. कबुलीजबाब देऊन हसबनीस खाली उतरल्या तेव्हा त्यांनी शाल्मलीकडे पाहिले नाही.

अध्यक्ष वयस्कर होते, निवृत्त न्यायाधीश. निकालाचा मसुदा त्यांनी दोन्ही बाजूंना वाचून दाखवला आणि एका जागी अडखळले.

"इथं काही मर्यादा घालावी, असं मला वाटतं," ते म्हणाले. "समजा, एक मिनिटापर्यंतचा कृत्रिम खंड मोजू नये. नाहीतर याला शेवट राहणार नाही, बाई."

शाल्मलीने हिशेब केला. एक मिनिट म्हणजे साठ सेकंद. चौथा खंड एकाहत्तर सेकंदांचा होता. अकरा सेकंदांसाठी यशोधन मेला असता.

"साहेब, मर्यादा घातली की पळवाट राहते," ती म्हणाली. शब्द तयार होते. असले शब्द तिने आयुष्यभर लिहिले होते. "साठ सेकंद लिहिलंत तर ते उद्या एकसष्ट सेकंदांचा देतील. कमी-जास्तीचा वाद नको. लांबी कितीही असो, असं लिहा."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारच्या दोन सदस्यांकडे पाहिले. मग हाताने ओळ दुरुस्त केली. कृत्रिम खंडाची लांबी कितीही असो, व्यक्तीचे सातत्य, तिचा विवाह, नाती व हक्क अबाधित समजण्यात यावेत.

त्या संध्याकाळी भिसेंच्या घरी श्रीखंड आले. यशोधनने राम शब्दाच्या सातही विभक्ती रेणूला गाऊन दाखवल्या. रेणूने त्यात मनाने आणखी दोन घातल्या. पन्नास-साठ कुटुंबांचे फोन आले. एका म्हातारीने तर शाल्मलीला ओळखदेख नसताना लुगडे पाठवले. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला भिसे निर्णय असे नाव दिले आणि कात्रण शाल्मलीने देवघराच्या फळीवर ठेवले. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. बारा वर्षे भरायला दोन महिने उरले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शासनाचे परिपत्रक तिच्या टेबलावर आले. परिपत्रकाच्या माथ्यावर आधीचे संदर्भ दिलेले असतात आणि त्याची सुरुवात 'वाचा' या शब्दाने होते. वाचा: सातत्य प्राधिकरणाचा निर्णय, भिसे प्रकरण.

सवयीने ती शेवटाकडून वाचू लागली आणि मग वरून पुन्हा वाचले. उपरोक्त निर्णयानुसार खंडामुळे व्यक्तीच्या सातत्यास बाध येत नाही. सबब, ज्यांच्या प्रतिपेशी अद्याप केंद्रांच्या मालकीच्या आहेत आणि ज्यांच्या सेवेची तूर्त आवश्यकता नाही अशा कर्मचाऱ्यांना केंद्रांच्या संमतीने विरामात ठेवण्यात यावे. विराम म्हणजे पुनर्मेळच, फक्त थांबवणे आणि सुरू करणे यांच्यामध्ये हवा तेवढा काळ जाऊ द्यायचा. या काळात संबंधितांचा विवाह, नाती व ज्येष्ठता अबाधित राहील. सदर काळ बारा वर्षांच्या गणनेत धरला जाईल. मात्र मधल्या काळात बारा वर्षे भरली तरी सुरू झालेला विराम मोडणार नाही.

सोबत जिल्ह्यातल्या प्रतिपेशी बसवलेल्या अतिरिक्त शिक्षकांची यादी होती. तीस सप्टेंबरला शाळांचा पट मोजतात. ज्या विषयाला पुरेशी मुले नाहीत त्याचा शिक्षक अतिरिक्त ठरतो. यादीत चौदा नावे होती. सहाव्या क्रमांकावर, विषय संस्कृत, भिसे यशोधन माधव. आदेश आस्थापना शाखेने काढायचे होते, म्हणजे तिने. कालावधीच्या रकान्यात तारीख नव्हती. समायोजन होईपर्यंत, असे लिहिले होते. समायोजन म्हणजे दुसऱ्या शाळेत जागा निघणे. तिच्या मागच्या कपाटात एका चित्रकला शिक्षकाच्या समायोजनाची फाइल होती. ती नऊ वर्षांची होती.

तिने पळवाट शोधली. दिवसभर शोधली, जेवणाचा डबा न उघडता. विरामाविरुद्ध दाद मागायची तर खंडाने माणूस मरतो असे म्हणावे लागणार होते. आणि तसे म्हटले की यशोधन नऊ वेळा मेलेला, रेणू बेवारशी. काळाची मर्यादा मागायची तर निर्णयात लांबी कितीही असो असे स्वच्छ लिहिलेले. चोहोबाजूंनी बंद केलेला तो मसुदा होता. ज्याने केला त्याला काम येत होते, हे कुणीही मान्य केले असते.

हसबनीस डॉक्टरांना तिने फोन केला. त्यांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

"आमच्याकडे चौदा जणांसाठी खोली तयार करायला सांगितली आहे," त्या म्हणाल्या. "थंड ठेवावी लागते. ताई, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

"त्रास होतो का?"

"कुणाला?" हसबनीसांनी विचारले.

तेरा आदेश तिने कार्यालयात टंकून सहीला पाठवले. चौदावा पिशवीत घालून घरी आणला. यशोधन अंगणात वह्या तपासत बसला होता. त्याने आदेश वाचला, एका जागी ऱ्हस्वदीर्घाची चूक होती तिथे पेन्सिलीने खूण केली आणि कागद घडी घालून मांडीवर ठेवला.

"तू निकालात लिहून घेतलंस ना," त्याने हळूच विचारले, "की उठेल तो मीच असेन?"

शाल्मलीकडे त्याचे उत्तर लेखी होते, तीन सह्या आणि शिक्क्यानिशी. तोंडाने मात्र तिला हो म्हणता येईना.